बंद खाते पुन्हा चालू

शेजारच्या काकांचा वॉकीटॉकी मेला. म्हणजे संच ठणठणीत. पाठीवरचा बॅटरीचा डबा तेवढा गतप्राण. तसला डबा आता बाजारात मिळत नाही. काका परवानाधारक हॅम. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून नंदनवनातला जिना उतरणे बंद. संध्याकाळी सातला गावातल्या जुन्या हॅममंडळींशी बोलणे हेच त्यांचे फिरणे. "तुम्ही कॉमर्सवाले, हिशेबानं कराल," म्हणून त्यांनी डबा माझ्या हाती ठेवला.

कापला तर आत निकेल-कॅडमियमचे सहा सेल, एकामागे एक जोडलेले. प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ७.२. ही जात १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने काढली. पुढे निकेल-लोखंडाच्या सेलवरून त्याची एडिसनशी जुंपली, आणि नाव एडिसनचे झाले. (प्रमोशनचा हा नियम बँकेपुरताच आहे असे मी उगाच समजत होतो.) चार्ज होताना सेलमध्ये वायू होतो, त्याला बाहेर वाट द्यावी लागे. १९४७ साली फ्रान्समध्ये न्यूमनने तो आतल्या आत जिरवून सेल सीलबंद केला, तेव्हा कुठे हा प्राणी खिशात न्यायच्या लायकीचा झाला.

आमच्या सहांपैकी पाच बरे होते, एक शून्यावर. ओळीतला एक रिकामा झाला की बाकीचे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात आणि तो चक्क उलटा भरू लागतो. असे एक गृहस्थ आमच्या शाखेतही आहेत. जुन्यात एकच नवा घातला तर पुन्हा तीच गत, म्हणून सहाही बदलले. नवे निकेल-मेटल हायड्राइडचे आणले, पट्ट्या लावलेलेच. थेट सेलवर डाग दिला तर उष्णतेने सील जाते. कॅडमियम विषारी, म्हणून जुने सेल कचऱ्यात न टाकता भंगार इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्यांकडे दिले.

मग हिशेब. जुना डबा ६०० मिलीअँपिअर-तासांचा, चार्जर ६० मिलीअँपिअरचा. तूट धरून दीडपटीला थोडे कमी भरायचे, म्हणजे १४ तास. नवे सेल २००० चे. त्याच चार्जरवर जवळजवळ ४७ तास! काका दोन दिवस घड्याळाकडे बघत बसले. काकू मला चहा देईनात.

तिसऱ्या दिवशी सातला त्यांनी बटण दाबले. नुसती खरखर. माझ्या पोटात गोळा. मग आवाज आला, "काऊन हो, इतके दिवस कुठं होते?"

"बँकेत अडकलो होतो," काका म्हणाले.