नाकातील केसांचे पिकणे

नाकपुडीच्या तोंडाशी असलेल्या जाड, आखूड केसांचा रंग जाऊन ते पांढरे होणे. वयाबरोबर होणारा हा नैसर्गिक बदल आहे. तो रोग नव्हे.

केसाला रंग येतो तो मेलॅनिन या द्रव्यामुळे. मुळाशी असलेल्या रंगपेशी ते तयार करतात आणि वाढत्या केसात भरतात. या रंगपेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळपेशींचा साठा वयोमानाने आटतो आणि मग त्या मुळातून येणारा केस बिनरंगी निघतो. आधी डोके, मग दाढी, मग नाक असा सर्वांना लागू पडणारा क्रम नाही. केस कोणत्या वयात पिकतील हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. डोक्याच्या केसांच्या पिकण्याशी आयआरएफ४ या जनुकाचा संबंध २०१६ मध्ये दाखवण्यात आला. तीव्र ताणामुळे मूळपेशींचा साठा झपाट्याने संपतो, हे हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. धूम्रपान, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि कोड यांचाही केस अकाली पिकण्याशी संबंध आढळतो.

पांढरा केस दिसला की चिमट्याने उपटण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलीच पाहिजे. एक उपटल्याने चार पांढरे येतात ही समजूत खोटी आहे, पण उपटण्यातला धोका खरा आहे. अनेकांच्या नाकपुडीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जंतू कायमचेच असतात. दुखावलेल्या मुळात ते शिरले की ठणकणारी पुटकुळी किंवा गळू होते. नाकाचे मूळ आणि ओठांचे दोन कोपरे यांमधल्या त्रिकोणातील शिरा मेंदूलगतच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने संसर्ग क्वचित आतवर पोहोचतो, आणि तसे झाल्यास ते जिवावर बेतू शकते. म्हणून तिथली पुटकुळी फोडूही नये.

बाहेर डोकावणारे केस बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने किंवा नाकासाठीच्या ट्रिमरने आखूड करावेत, एवढे पुरे. आतले केस मुळापासून काढू नयेत. श्वासातली धूळ अडवण्याचे काम पांढरा केसही काळ्याइतकेच करतो. केसांचा कलप नाकात कधीही लावू नये, नाकाचे अस्तर त्याने भाजते. वयोमानाने पिकलेले केस पुन्हा काळे करणारे सिद्ध औषध नाही. मात्र पंचविशीच्या आत केस पिकू लागले, किंवा नाकातली सूज ताप येऊन डोळ्याकडे पसरू लागली, तर डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या प्रसंगी त्याच दिवशी.