संगीन, नळकांडी
संगीन, नळकांडी : बंदुकीच्या नळीच्या तोंडावर पोकळ नळकांड्याने बसविले जाणारे टोकदार पाते. ‘संगीन’ हा शब्द मूळ फार्सी असून ‘दगडी, भक्कम’ असा त्याचा अर्थ होतो. सतराव्या शतकातील संगिनीची मूठ थेट नळीच्या तोंडात खोचीत. साहजिकच ती लावल्यावर बार काढता येत नसे. शतकाच्या अखेरीस नळकांडे आले आणि ही अडचण दूर झाली. पाते बाकदार मानेमुळे नळीपासून बाजूला राही, त्यामुळे तोंडातून दारूगोळी भरताना हातास इजा होत नसे. पायदळास वेगळे भालाईत ठेवण्याची गरजही त्यामुळे उरली नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील (१८३७–१९०१) विशेष परिचित नमुना १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीचा. तिचे त्रिधारी पाते सु. ४३ सेंमी. लांब असून नळकांड्यावरील फिरते कडे नळीवरील माशीमागे अडकविले, की संगीन निसटत नसे. त्रिधारी जखम शिवता येऊ नये म्हणून पात्यास असा आकार दिला, ही समजूत लोकप्रिय असली, तरी कमी वजनात ताठपणा साधणे हा त्याचा खरा हेतू होय. पुढे मार्टिनी-हेन्री ही बंदूक एन्फील्डपेक्षा सु. १५ सेंमी. आखूड निघाली, घोडेस्वारापुढे पल्ला कमी पडू नये म्हणून १८७६ च्या नमुन्यात पाते सु. ५६ सेंमी. करण्यात आले. सूदानमधील अबू क्लीआच्या लढाईत (१७ जानेवारी १८८५) अनेक संगिनी वाकल्या व इंग्लंडात मोठा गवगवा झाला.

हिंदी शिपायाच्या हातातील संगिनीची कथा निराळी आहे. १८५७ च्या उठावानंतर त्यास एन्फील्डसारखीच दिसणारी, परंतु नळीत आटे नसलेली बंदूक देण्यात आली. संगीन मात्र त्रिधारीच राहिली. म्हणजे गोऱ्या सैनिकाइतकेच जवळून भोसकण्याची मुभा त्यास होती. त्याच्याइतक्या लांबून अचूक नेम धरण्याची नव्हती. बंदुकीच्या बाबतीत हिंदी पलटणी एक पायरी मागे ठेवण्याचे हे धोरण पुढे कित्येक वर्षे चालले. ‘काली पाचवी’ या नावाने ओळखली जाणारी मुंबईची पाचवी पलटण अफगाण युद्धातील कामगिरीबद्दल १८४१ मध्येच ‘लाइट इन्फंट्री’ झाली होती, हे लक्षात घेता हा अविश्वास अधिकच बोचतो.

भोर व वेल्हे हा मावळातील प्रदेश १९४८ पर्यंत बव्हंशी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानाच्या पाच तालुक्यांपैकी विचित्रगड, राजगड व प्रचंडगड यांना अनुक्रमे रोहिडा, राजगड व तोरणा या किल्ल्यांची नावे होती. ढाल-तलवार व भाला ही येथील मावळ्यांची जुनी हत्यारे. १८७८ च्या हिंदी शस्त्रास्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या संज्ञेखाली बंदुकांनंतर लगेच संगिनीचे नाव येते. तलवार, खंजीर व भाला त्यामागून. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता; संस्थानी मुलूख त्याबाहेर होता. परंतु हद्द ओलांडून पुण्याच्या वाटेला लागलेल्या संस्थानी रयतेस शस्त्र बाळगून हिंडण्यास परवाना आवश्यक ठरे. युरोपियनांना मात्र नियमांनी सूट होती. राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. पलटणीत असताना जे पाते रोज घासूनपुसून लखलखीत ठेवावयाचे, तेच घरी परतलेल्या शिपायाच्या हाती गुन्ह्याचा पुरावा ठरू शके.

१८८८ च्या ली-मेटफर्ड बंदुकीबरोबर सुरीसारखी मुठीची संगीन आली आणि नळकांडी संगीन मागे पडली. जुनी संगीन ओळखताना पाते व नळकांडे यांवरील ठसे पाहावेत. बाणाचे चिन्ह ब्रिटिश सरकारी मालकीचे असून त्याखाली ‘आय’ हे रोमन अक्षर असल्यास ती हिंदुस्थान सरकारची समजावी. नळकांड्याचा आतील व्यासही मोजावा. कारण ते ज्या नळीवर चपखल बसते, तीच तिची बंदूक.