सॉफ्ट अॅक्च्युएटर : नरम यंत्रांचे स्नायू

रबर, सिलिकॉनसारख्या नरम वस्तूंच्या यंत्राला जो भाग हालचाल देतो, त्याला सॉफ्ट अॅक्च्युएटर म्हणतात. जुना नमुना म्हणजे १९५० च्या दशकातला मॅककिबन स्नायू : जाळीत बसवलेली रबरी नळी. हवा भरली की ती फुगते, लांबीला आखडते आणि ओढते. पोलिओने अधू झालेला हात हलवण्यासाठी तो वापरला गेला.

२०१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात संपूर्ण नरम ‘ऑक्टोबॉट’ बनला. त्यात बॅटरी नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडपासून निघणारा वायू त्याच्या भुजा हलवतो.

अशा कामात पोस्टडॉक संशोधक लागतात. पोस्टडॉक ही डिग्री नव्हे. पीएचडीनंतर प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी, पगार किंवा फेलोशिप घेऊन केलेलं संशोधन. मेकॅनिकल, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स, तिन्ही शाखांना इथे वाव आहे. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, ‘आणखी किती शिकणार?’ म्हणत मुलीला पीएचडीवरच थांबवू नका.