भाडेकरू सुधारणा भत्ता

भाडेकरू सुधारणा भत्ता म्हणजे व्यापारी जागा भाडेपट्ट्याने देताना तिचे अंतर्गत बांधकाम किंवा नूतनीकरण भाडेकरूच्या गरजेनुसार करण्यासाठी जागामालकाने देऊ केलेली रक्कम होय. इंग्रजीत तिला ‘टेनंट इम्प्रूव्हमेंट अलाउन्स’ किंवा थोडक्यात ‘टीआय’ म्हणतात. अमेरिकेतील कार्यालये, दुकाने व दवाखाने यांच्या भाडेपट्ट्यांत ही तरतूद रूढ आहे. भत्ता सामान्यतः दर चौरस फुटास अमुक डॉलर असा ठरतो आणि त्याहून अधिक झालेला खर्च भाडेकरू सोसतो.

स्वरूप

भिंती, छत, फरशी, वीजजोडणी, नळकाम आणि वातानुकूलन अशा इमारतीतच राहणाऱ्या कामांसाठी भत्ता वापरता येतो. फर्निचर, संगणक व स्थलांतराचा खर्च बहुधा वगळला जातो. वास्तुविशारदाचे शुल्क आणि मालकाचे देखरेख शुल्क भत्त्यातून कापायचे की नाही, हा वाटाघाटीचा विषय असतो. काही वेळा मालक रक्कम न देता ठरलेल्या आराखड्याप्रमाणे जागा स्वतःच तयार करून देतो. या प्रकारास ‘टर्नकी’ म्हणतात. त्यात वाढीव खर्चाचा धोका मालकाकडे जातो, पण कामाच्या दर्जावरील भाडेकरूचे नियंत्रण कमी होते.

भाडे कमी करण्याऐवजी भत्ता देणे मालकास अनेकदा सोयीचे वाटते. व्यापारी इमारतीचे मूल्य तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून काढले जाते. त्यामुळे करारातील भाड्याचा दर चढा राहिला, तर विक्री व कर्ज या दोन्ही वेळी त्याचा उपयोग होतो.

भत्त्याची किंमत

भत्ता ही देणगी नव्हे. मालक ती रक्कम व्याजासह भाड्यात मिळवतो, म्हणून आर्थिकदृष्ट्या तो भाडेकरूस दिलेल्या कर्जासारखाच असतो. उदाहरणार्थ, १०,००० चौरस फुटांच्या जागेसाठी दर चौरस फुटास ५० डॉलर, म्हणजे ५ लाख डॉलर भत्ता दिला आणि तो १० वर्षांत ८ टक्के वार्षिक व्याजाने मासिक हप्त्यांत वसूल करायचा ठरला, तर दरमहा सुमारे ६,०६६ डॉलर भाड्यात मिळवावे लागतात. वर्षाला हा बोजा दर चौरस फुटास सुमारे ७.२८ डॉलर होतो. दहा वर्षांत एकूण सुमारे ७.२८ लाख डॉलर दिले जातात. भाडेकरू चार वर्षांनी जागा सोडून गेला, तर सुमारे ३.४६ लाख डॉलर वसूल व्हायचे उरतात. मुदतपूर्व करार संपवण्याच्या कलमात ही शिल्लक भरून मागितली जाते, ती याच कारणाने. मुदतीनंतर कराराचे नूतनीकरण करताना मात्र भत्त्याची फेड झालेली असूनही भाडे आपोआप उतरत नाही, याकडे भाडेकरूंचे अनेकदा दुर्लक्ष होते.

रक्कम मिळण्याची पद्धत व जोखीम

बहुतेक करारांत भाडेकरू आधी खर्च करतो. काम पूर्ण झाल्यावर बिले, वापर परवाना आणि कंत्राटदारांनी मिळकतीवरील धारणाधिकार सोडल्याची पत्रे सादर केली, की मालक रक्कम देतो. या मधल्या काळात मालक अडचणीत आला, तर भाडेकरूचा पैसा भिंतींत अडकतो. मालक दिवाळखोरीत जाऊन भाडेपट्टा नाकारला गेल्यास अमेरिकी दिवाळखोरी संहितेचे कलम ३६५(एच) भाडेकरूस जागेत राहून आपले नुकसान भाड्यातून वळते करण्याची मुभा देते. गहाणदार बँकेने इमारत ताब्यात घेतल्यास स्थिती अधिक बिकट असते. न दिलेल्या भत्त्याची जबाबदारी बँका बहुधा लेखी नाकारतात. म्हणून सावध भाडेकरू भत्ता तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवण्याची, किंवा निदान तो भाड्यातून वळता करण्याच्या स्पष्ट हक्काची मागणी करतात.

कर व लेखांकन

अमेरिकेत १९९७ च्या करदाता सवलत कायद्याने अंतर्गत महसूल संहितेत कलम ११० घातले. किरकोळ विक्रीच्या जागेचा भाडेपट्टा १५ वर्षे किंवा त्याहून कमी मुदतीचा असेल आणि रक्कम कायमस्वरूपी बांधकामावरच खर्च झाली, तर ती भाडेकरूचे उत्पन्न धरली जात नाही. इतर जागांबाबत सुधारणांची मालकी कोणाची, यावर बरेच अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस १६ नुसार भाडेपट्ट्याचे प्रोत्साहन वापर-हक्क मत्तेच्या मूल्यातून वजा होते. सुधारणाखर्चाची भरपाई हे असे प्रोत्साहन आहे का, याबाबत मानकासोबतच्या १३ व्या उदाहरणामुळे संभ्रम निर्माण होण्याची शक्यता असल्याने २०२० मध्ये तो भाग वगळण्यात आला.

भारतातील स्थिती

भारतातील कार्यालये ‘बेअर शेल’ म्हणजे केवळ सांगाडा, किंवा ‘वॉर्म शेल’ म्हणजे मूलभूत सोयींसह दिली जातात. मालकाने अंतर्गत काम करून दिले, तर त्याची वसुली ‘फिट-आउट भाडे’ म्हणून मूळ भाड्याहून वेगळी दाखवण्याची पद्धत आहे. त्यामुळे भत्त्यामागील कर्ज येथे अधिक उघड दिसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, भाडेकरू आपण बसवलेल्या वस्तू जागेचा ताबा असेपर्यंत काढून नेऊ शकतो, मात्र जागा मूळ स्थितीत सोडावी लागते. मुंबई-पुण्यात अनेक व्यापारी जागा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिल्या जातात. असा करार भाडेपट्टा नसून भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खालील अनुज्ञप्ती असल्याने त्यास हे कलम आपोआप लागू होत नाही, आणि बसवलेल्या वस्तू कोणाच्या हे करारातच लिहावे लागते.