चर्चिल आणि १९४५ चा मतदार

१९४५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस ब्रिटनमध्यें मतमोजणी झाली आणि त्याच सायंकाळीं विन्स्टन चर्चिल ह्यांनीं आपला राजीनामा राजाच्या हातीं दिला. जर्मनीनें शरणागति पत्करून पुरते तीन महिनेहि लोटले नव्हते. ज्याच्या शब्दावर राष्ट्रानें पांच वर्षें धीर धरला, त्यालाच त्यानें निरोप दिला! परदेशांतील पुष्कळांना ही निव्वळ कृतघ्नता वाटली. परंतु मतदारापुढें प्रश्न कोणता होता हें पाहिलें म्हणजे ह्या आरोपांत फारसें तथ्य उरत नाहीं.

त्याच वर्षीं मे महिन्यांत घेतलेल्या गॅलप-चांचणींत शेंकडा ८३ लोकांनीं चर्चिलविषयीं समाधान व्यक्त केलें होतें. मजूरपक्ष पुढें असल्याचेंहि अशाच चांचण्या सांगत होत्या. पण तिकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. ह्या दोन गोष्टींत विसंगति नाहीं. ब्रिटनमध्यें पंतप्रधानास कोणी थेट मत देत नाहीं. चर्चिल ह्यांचें नांव वुडफर्ड ह्या एकाच मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर होतें. तेथें मजूर आणि लिबरल पक्षांनीं सौजन्यानें उमेदवारच उभा केला नव्हता. तरीहि एका अपरिचित स्वतंत्र उमेदवारास १०,००० हून अधिक मतें पडलीं. इतरत्र मतदारापुढें होता तो हुजूरपक्षाचा स्थानिक उमेदवार, आणि त्या पक्षाचा हिशेब कांहीं १९४० पासून सुरू होत नव्हता. १९३३ च्या आरंभीं तीस लाखांच्या घरांत गेलेली बेकारी लोक विसरले नव्हते. म्युनिकचा १९३८ चा करार विसरले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर वीरांना शोभतील अशीं घरें देण्याचें वचन मिळालें होतें, तेंहि वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत होतें.

म्हणून १९४२ च्या डिसेंबरांत बेव्हरिज ह्यांचा सामाजिक विम्याचा अहवाल निघाला तेव्हां तो विकत घेण्यासाठीं लोकांच्या रांगा लागल्या. आजारपण, बेकारी, म्हातारपण ह्यांची तरतूद कोण करणार, हा घरोघरचा प्रश्न होता. चर्चिल ह्यांचें चित्त युद्धांत गुंतलेलें. ह्या प्रश्नास त्यांचें उत्तर थंड वाटलें. त्यांत ४ जूनच्या रात्रीं नभोवाणीवरून बोलतांना त्यांनीं सांगितलें कीं, समाजवादी राज्यास गेस्टापोसारख्या यंत्रणेचा आश्रय घ्यावाच लागेल. काल-परवांपर्यंत ॲटली त्यांच्याच मंत्रिमंडळांत उपपंतप्रधान होते! ज्या आवाजानें १९४० सालीं घराघरांत धैर्य पोंचविलें, त्याच आवाजांतून हें ऐकून श्रोते चकित झाले. दुसऱ्याच रात्रीं ॲटलींनीं शांतपणें उत्तर दिलें : युद्धनेता वेगळा आणि पक्षनेता वेगळा, हें पंतप्रधानांनीं स्वतःच दाखवून दिलें आहे.

मतदान ५ जुलैला झालें. परंतु दूरदेशींच्या सैनिकांचीं मतें येईपर्यंत पेट्या तीन आठवडे मोहरबंद राहिल्या. ह्या काळांत चर्चिल पॉट्सडॅमच्या परिषदेस गेले, निकालासाठीं परतले, आणि पुढें त्या परिषदेस पंतप्रधान म्हणून गेले ते ॲटली. ६४० जागांपैकीं ३९३ मजूरपक्षाकडे गेल्या होत्या. हिंदुस्थानास स्वातंत्र्य देण्याचा कायदा १९४७ सालीं ह्याच पार्लमेंटनें केला. चर्चिलांच्या हातीं सत्ता राहती तर तो इतक्या लवकर होता कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे.

१९५१ सालीं चर्चिल पुन्हां पंतप्रधान झाले. त्या खेपेस देशभरांतील एकूण मतें मजूरपक्षासच अधिक पडलीं होतीं, जागा मात्र हुजूरपक्षास अधिक मिळाल्या. आणि १९४८ सालीं मजूर-सरकारनें उभारलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा त्यांनीं मोडीत काढली नाहीं.