‘बा-रिलीफ’ : उठाव कशाचा, सुटका कोणाची?

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात गेलो होतो. तिथे डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलेलं आहे, सुमारे ७ मीटर लांब. मी सवयीने म्हणालो, “हे बा-रिलीफ.” एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, रिलीफ म्हणजे सुटका ना? मग इथे कोणाची सुटका?” सगळे हसले. प्रश्न मात्र अगदी रास्त होता.

‘बा-रिलीफ’ हा शब्दप्रयोग इंग्रजीने सतराव्या शतकात फ्रेंचकडून उचलला. फ्रेंचांनी तो इटालियन ‘बासो रिलिएव्हो’वरून घडवला होता. ‘बा’ म्हणजे कमी उंचीचा. लिहिताना त्याच्या शेवटी ‘स’ असतो, बोलताना तो गळतो. ‘रिलीफ’च्या मुळाशी लॅटिन ‘रेलेव्हारे’ आहे : वर उचलणे, भार हलका करणे. म्हणजे बघा, दगडातून आकृती वर उचलली तोही रिलीफ आणि माणसाच्या डोक्यावरचं ओझं उचललं तोही रिलीफच. शब्द एक, वाटा दोन.

आपला ‘उठाव’ही असाच आहे. शिल्पाला उठाव असतो, बाजारात मालाला उठाव असतो आणि १८५७ चाही उठावच! पण आपल्या उठावात सुटकेचा अर्थ आला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी रस्त्याकडेला खडी फोडली. सरकारी इंग्रजीत ते ‘रिलीफ वर्क’. लोकांच्या तोंडी ‘दुष्काळी काम’. दगड तोच, पण हलकं काही झालं नव्हतं, जेमतेम पोट भरत होतं.

माझी चूकही सांगतो. परिनिर्वाणाची ती मूर्ती भिंतीतून चांगली पुढे आलेली आहे. तिला ‘बा’ म्हणणं बरोबर नाही, तो उच्च उठाव. परका शब्द तोंडात बसला की डोळे आळशी होतात, ते असे.

आता त्या मुलीचा प्रश्न. मूर्तीच्या खाली शोक करणारे शिष्य आहेत, वर आनंदलेले देवगण. मधे उजव्या कुशीवर शांत निजलेले तथागत. दुःखातून सुटका हाच तर निर्वाणाचा अर्थ. शब्दाच्या दोन्ही वाटा या भिंतीवर एकत्र येतात. फ्रेंचांना अजिंठा ठाऊक नव्हता, पाचव्या शतकातल्या पाथरवटाला लॅटिन ठाऊक नव्हतं. हा योगायोगच, पण त्या दिवसापासून मी तिथे आधी बघतो, नाव नंतर देतो.