गोबरगॅसमधला ‘गोबर’

पुस्तकात ‘जैववायू’, पण सगळ्यांच्या तोंडी गोबरगॅस. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे शेण, टाकी आणि तरंगते पिंप यांचीच आकृती काढून घेत आलो. हा वायू शेणापासूनच का करायचा, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. आमच्याही मनात आले नाही.

वास्तविक या वायूचा इतिहास शेणापासून सुरू होत नाही. १७७६ साली व्होल्टाने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी चिखलातले बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात हे दाखवले. तिथे कुजत होत्या त्या पाणवनस्पती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतला वायू जमवून इंजिन चालवले गेले. (हा आश्रम उभारणारे आयुक्त अ‍ॅकवर्थ म्हणजे मराठी पोवाडे जमवणारे तेच!) शेणावरचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ साली झाले. पुढे जशभाई पटेलांचे तरंगत्या पिंपाचे संयंत्र खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेले आणि ‘गोबर’ नावाला कायमचा चिकटला.

तो सोडवला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी, २००३ च्या सुमारास. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव गुरांच्या पोटातच राहतात. शेण म्हणजे गुराने खाऊन, पचवून उरलेला चोथा. त्यातला पचण्याजोगा भाग बराचसा आधीच खर्ची पडलेला. मग या जीवांना थेट अन्नच दिले तर? शिळा भात, किडके धान्य, फळांच्या साली, म्हणजे ज्यात पिष्ट आणि साखर आहे ते. कर्वे यांच्या हिशेबाप्रमाणे अशा २ किलो पदार्थांपासून एका दिवसात जेवढा वायू मिळतो, तेवढ्यासाठी ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाकीत, गच्चीवरसुद्धा, हे संयंत्र मावते. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेला २००६ साली याबद्दल अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेण अगदीच सुटले नाही. सुरुवातीला विरजणापुरते ते लागतेच.

अडचण वेगळीच आहे. अन्नाचे आम्ल करणारे जीवाणू घाईचे, त्या आम्लाचा मिथेन करणारे संथ. खरकटे एकदम ओतले की आम्ल साचते, टाकी आंबते आणि शेगडी पेटत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांच्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात म्हणूनच दोन टाक्या आहेत: पहिलीत गरम पाणी आणि हवा देऊन कचरा मऊ होतो, दुसरीत हवेविना मिथेन बनतो. घरच्या एका टाकीला मात्र, पोट बिघडलेल्या माणसाप्रमाणे, काही दिवस उपास घालावा लागतो.